गिरिजाक्काचा बारा फोटूंचा रोल

आक्का, तुझी मान मी धरली होती.

तुला ओसरीवर बसवलं होतं. आपल्यात माणूस बसवूनच पुरतात, त्यामुळं पाठीला फळी, कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचे हार, सगळं जिथल्या तिथं झालं होतं. पण मान काही राहीना. डाव्या खांद्यावर पडायची. पूर्णेहून मोटारसायकलवर आणलेला फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि खाली घ्यायचा. "मान जरा सरळ करा की," म्हणाला. "आन् डोळे थोडे उघडतील का बघा." चैत्राचं ऊन, माशा, आणि अंगणभर माणसं. तुझा नवरा, म्हणजे आमचे भावजी, म्हणाले, "धाकटीला बसवा मागं." मग मला तुझ्या पाठीमागं बसवलं, माझ्यावर शाल टाकली, आणि शालीच्या आतून मी तुझं डोकं दोन्ही तळव्यांनी धरलं. बाहेरून कुणीतरी तुझ्या पापण्या वर सारल्या. "हां, आता हलू नका," फोटोवाला म्हणाला. कुणाला म्हणाला, देव जाणे.

त्या शालीत मला ओकारी आली. तुझ्यामुळं नाही आली. तुझ्या केसांना शिकेकाईचाच वास होता. ओकारी आली ती बाहेरच्या आवाजांची. "लय गुणाची बाई." "कलाकार हो, कलाकार." हीच तोंडं तुला 'फोटूवाली' म्हणायची, आणि ते कसं म्हणायची ते मी ऐकलेलं आहे. आपले सासरे, अप्पा, खाटेवर बसून आल्यागेल्याला सांगत होते, "आमी कधी आडकाठी केली न्हाई. सूट दिली म्हनून शिकली." मी आत मान धरून बसले होते, आणि बाहेर अप्पा हे बोलत होते.

थोरली जाऊ म्हणून सोळा वर्षं तुला 'तुमी' म्हणत आले. सासरची रीत. आज तू म्हणते. तुला राग येणार नाही, आणि आला तरी मला आता तो बघायला मिळणार नाही.

चौथ्या दिवशी तो फोटो चौकटीत बसून आला. रंगीत. बैठकीत लावलाय. तुझ्या कानाशी माझी चार बोटं दिसतात, शालीबाहेर राहिलेली. कुणाच्या लक्षात येत नाही. मी त्या खोलीतून जाताना खाली बघून जाते.

मी म्हटलं होतं की म्हशीवाला फोटो लावा. चुडाव्याच्या स्टेशनावर मी काढलेला. आठवतं? तू बाकावर बसली होतीस, परभणीकडची गाडी यायची होती, आणि तू कॅमेरा माझ्या हातात दिलास. पहिल्यांदाच. "काढ माझा," म्हणालीस. मी काढला, आणि आनंदाच्या भरात रोल पुढं सरकवायचाच विसरले. त्याच फिल्मवर दुसऱ्या दिवशी म्हैस काढली. धुतल्यावर बघतो तर तू बाकावर बसलेली, हसायलीस, आणि तुझ्या छातीतून म्हैस चाललीय. तू इतकी हसलीस की धान्याच्या पोत्याला टेकून बसावं लागलं. तुझा जिवंतपणीचा एवढा एकच फोटो. गावातल्या निम्म्या बायांचे फोटो काढलेस, तुझा मात्र कुणी काढला नाही. भावजींनी तो हातात घेतला आणि परत दिला. "लोक हसतील," म्हणाले.

हसू दे ना. तू हसली होतीस.

मेलेल्याचा फोटो तुला चालायचा नाही, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. अप्पांच्या आई गेल्या तेव्हा अप्पांनी तुला स्वतः बोलावलं. "सूनबाई, कॅमेरा आन." तू नाही म्हणालीस. सगळ्यांसमोर. "जित्तेपनी कवा म्हनला न्हाईत. तवा दहा काढले आसते. आता त्यांना 'नको' म्हनायला तोंड न्हाई, मी न्हाई काढनार." त्यावरून आपलं दोघींचं जे भांडण लागलं ते कधी मिटलंच नाही. मी म्हणायचे, अहो आक्का, मागं राहिलेल्यांना काहीतरी लागतं बघायला. एखादी बाई जन्मभर फोटोत आलीच नाही, तर निदान शेवटचा तरी असू द्यावा. तू म्हणायचीस, "मग जन्मभर तिला बघायला काय झालतं?" मी म्हणायचे, पैसे नसतात, कॅमेरा नसतो. तू म्हणायचीस, "बघायला कॅमेरा लागत न्हाई." मला अजून वाटतं माझंही थोडं बरोबर होतं. पण ज्या दिवशी ते पटवून द्यायचं, त्याच दिवशी मी शालीखाली बसलेली होते. आता काय बोलू?

तुझा कॅमेरा म्हणजे काळा डबा. पूर्णेला रेल्वेत असलेल्या तुझ्या भावानं दिलेला. कॅमेरे महाग असतात, असं गावाला वाटायचं. हा नव्हता. त्याला फिरवायला काही नव्हतं. एक खूण उन्हाची, एक ढगाची, आणि मागं लाल खिडकी, तिच्यात फिल्मचा आकडा दिसायचा. बारा फोटो की रोल संपला. माणूस सहा हातांच्या आत आलं की धूसर. बाहेर धुऊन घ्यायचं परवडत नाही म्हणून तू ते घरीच शिकलीस. भावाला स्टेशनावर भेटलेल्या कुणा फोटोवाल्यानं कागदावर लिहून दिलेलं, तेवढ्यावर. आपल्या मागच्या बळदात, त्या बिनखिडकीच्या धान्याच्या खोलीत, भर दुपारी पुरुष जेवून आडवे झाले की तू दाराच्या फटीत गोणपाट कोंबायचीस. ठार अंधारात फिल्मचं एक टोक एका हातात, दुसरं दुसऱ्या हातात, आणि खाली ताटात पुडीचं औषध. फिल्म खालीवर, खालीवर, जशी पोराची झोळी. तोंडानं आकडे मोजायचीस. घड्याळ दिसायचं नाही ना.

आत काय चालतं ते मला फार नंतर कळलं. मी आले तेव्हा मला तुझी भीतीच वाटायची.

ते वर्ष आठवतं. माझं लग्न उन्हाळ्यात झालं आणि पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. मी सतरा-अठराची. मला कळत होतं ते इतकंच की आपल्या दुकानात माणसं हळू आवाजात बोलायलीत आणि मी पाणी घेऊन गेले की गप्प होतायत. मग एका संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या वस्तीवर धूर दिसला. बौद्धांची आठ-दहा घरं. आपल्या शेतात खुरपायला येणारी सुंदराबाई तिथलीच. पाऊस पडून गेलेला, तरी छपरं जळत होती, कारण रॉकेल होतं. कोण गेलं होतं ते गावाला माहीत होतं. माणसं जीव घेऊन उसात पळाली, म्हणून वाचली. गुरं नाही वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू पिशवीत कॅमेरा घातलास, वर भाकरीचं फडकं झाकलंस आणि गेलीस. तुला सुंदराबाईनं बोलावलं होतं. "आक्का, काढून ठिवा. उद्या म्हनतील, काय झालंच न्हाई." आभाळ भरलेलं, म्हणून तू ढगाच्या खुणेवर काढलेस. बाराच्या बारा. प्रत्येक घरापुढं त्या घरची माणसं उभी केलीस, आणि प्रत्येकाला विचारून. एका म्हातारीनं नको म्हटलं, तर तिचं नुसतं चुलाण काढलंस. तिथं काय झालं ते तू मला कितीतरी वर्षांनी सांगितलंस, हरभरा सोलता सोलता, जसं काही दुसऱ्याच कुणाचं.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगते.

तू वस्तीवर दिसलीस हे दुपारीच अप्पांच्या कानावर गेलं. तू न्हाणीत होतीस. अप्पा जेवायला बसले होते, मी वाढत होते. "थोरली कुठं गेलती?" त्यांनी विचारलं. 'मला म्हाईत न्हाई' म्हणायला काय जात होतं? मी म्हणाले, "ओढ्यापल्याड." ते म्हणाले, "तिच्याजवळ ते डबडं व्हतं का?" मी म्हणाले, "व्हतं." इथपर्यंत एक वेळ भीती म्हणता येईल. पण पुढचं त्यांनी विचारलंच नव्हतं, आक्का. मी आपणहून म्हणाले, "रोल काढून बळदात ठेवलाय. ज्वारीच्या पोत्यामागं, पितळी डब्यात." तू ठेवताना मी दारातून बघितलं होतं.

अप्पांनी मान वर केली. "शहानी हाय धाकटी," म्हणाले. आणि मला बरं वाटलं. मी ते लपवू शकत नाही. त्या घरात येऊन तीन महिने झाले होते आणि पहिल्यांदा कुणी कौतुक केलं होतं. मी त्यांना अजून एक भाकरी वाढली. सोळा वर्षं झाली, त्या भाकरीची मला शिसारी येते.

अप्पांनी अंगणात उभं राहून रोल उलगडला. कागद सोडवून ती फिल्म हातभर, दोन हात ओढून काढली, कोंबड्याचं आतडं ओढावं तशी. तेवढ्यात ढग सरून ऊनही पडलं. तू ओल्या केसांनी बाहेर आलीस. ओरडली नाहीस. म्हणालीस, "द्या ती इकडं." त्यांनी टाकली. तू ती उचलून बळदात नेलीस आणि ऊन लागलेली, वाया गेलेली फिल्म रीतसर धुतलीस. मी दाराशी उभी होते. बाहेर आलीस तेव्हा तुझ्या हातात नुसती काळी पट्टी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अप्पांच्या पुढ्यात ठेवलीस. "बगा," म्हणालीस, "ह्यो तुमचा फोटू." अप्पांनी कॅमेरा पेटीत टाकून कुलूप लावलं.

आठवड्यानं पंचनामा झाला. चुलीची ठिणगी उडून छपरं पेटली, असं लिहिलं. आठ-दहा चुलींच्या ठिणग्या एकाच वेळी, भिजल्या छपरांवर. पंच म्हणून खाली अप्पांची सही. दाखवायला कुणाकडंच काही नव्हतं. कुणालाही शिक्षा झाली नाही. जे पेटवायला गेले होते त्यांतले दोघं तुझ्या मयताला आले होते, मोठे हार घेऊन. मी शालीच्या आतून त्यांचे आवाज ओळखले.

आणि तू काय केलंस? रोल गेल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मला हाक मारलीस. वाटलं, कळलं हिला. तू एक रिकामी काडेपेटी आणलीस, आतला खण काढून टाकलास आणि बाहेरचं कव्हर माझ्या डोळ्याला लावलंस. "काय दिसायलंय?" मी म्हणाले, "अंगण." "अंगण न्हाई. नीट बग. एवढ्यात मावतंय तेवढंच सांग." मी म्हणाले, रांजण. रांजणाची सावली. सावलीत कोंबडी. "आता रांजण काढून टाक आन् कोंबडी ठिव." मी सरकले. "हां," म्हणालीस.

सव्वा वर्ष आपण असंच शिकलो. कॅमेरा कुलपात. काडेपेटीतून बघायचं, श्वास धरायचा, कोपरं बरगडीला चिकटवायची, ऊन पाठीशी घ्यायचं, आणि तोंडानं 'टक' म्हणायचं. तुझा नियम, अकरा वेळा बघायचं, बाराव्यांदा दाबायचं. फुकटचा छंद, असं मी म्हणायचे. आपल्याला हसायचे सगळे. ताडकळसच्या बाजारात मी काडेपेटी डोळ्याला लावून उभी, तर एक बांगडीवाला म्हणाला, "काय बाई, डोळ्यात काडी गेली का?"

मग मला मुलगा झाला, आणि अप्पांना नातवाचा फोटो हवा झाला. कुलूप त्यांनी स्वतः काढलं. नवा रोल आला. तू नातवाचा एक फोटो काढलास, चांगला काढलास, आणि उरलेले अकरा बायांचे. तेव्हापासून हेच. दर रोलात एक घराला, अकरा गावाला. पाटा घासणारी, डोक्यावर वैरण घेतलेली, बिडी ओढणारी ती म्हातारी, तिनं तर बिडी टाकायलाच नकार दिला. कुणाला बोटभर छापून दिलास तर ती पदराला बांधून न्यायची. तू त्यांना पोज सांगायची नाहीस. "जशी हाईस तशी बस," एवढंच. दुसऱ्या रोलापासून बळदात मला बरोबर घ्यायला लागलीस. त्या अंधारात तुझा फक्त मोजण्याचा आवाज यायचा, आणि दर वेळी वाटायचं, आत्ता सांगावं. इथं तोंड दिसत नाही. नाही सांगितलं. इतक्या वर्षांत नाही.

यंदा संक्रांतीला रेडिओवर विद्यापीठाच्या नावाचा निकाल ऐकलास. पोटातल्या गाठीनं तुला अंथरुणाला खिळवलं होतं. तीळगूळ घ्यायलाही उठवत नव्हतं. म्हणालीस, "आता समदे म्हनतील, आमी तवा बी त्यांच्याच बाजूनं व्हतो." पुढं काही बोलणार होतीस. माझ्याकडं बघितलंस. मी उठून रेडिओ बंद केला आणि औषध आणायला गेले. औषध उशाशीच होतं.

सुंदराबाई तुझ्या मयताला आली होती, तुला माहीत आहे का? फाटकाच्या आत कुणी ये म्हटलं नाही. बाहेर कडुलिंबाखाली उभी राहिली, पार तुला उचलेपर्यंत. आपल्या घरातून तिला चहा गेला तो कानतुटक्या कपात, जो कप तिच्यासाठीच वेगळा ठेवलेला असतो. निकाल लागून तीन महिने झाले होते.

दुखवट्याचे दिवस संपल्यावर मी वस्तीवर गेले. आता तिथं पत्र्याची घरं आहेत. सुंदराबाईनं पोतं अंथरलं. मी सगळं सांगितलं, तुला सांगायला हवं होतं ते. भाकरीसकट. बोलताना मी रडले, आणि मला माझ्या रडण्याचाही संताप आला.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "ठावं हाय की."

"काय?"

"आक्कांनी तवाच सांगितलं. रोल गेला म्हनल्या. म्या इचारलं, कुनी दाखिवला? तर म्हनल्या, घरात नवी पोरगी हाय, ती भ्याली. म्या म्हनलं, आता तिचं काय करता? म्हनल्या, बगायला शिकीवते. तिला कुनी कवा काय बगायला लावलंच न्हाई."

आक्का, तुला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. ती काडेपेटी डोळ्याला लावलीस तेव्हाही. बळदात माझ्या खांद्याला खांदा लावून आकडे मोजत होतीस तेव्हाही. मला माफ केलंस आणि मला कळूही दिलं नाहीस. सोळा वर्षं मी तुझ्यापुढं घाबरत जगले आणि तू बघत होतीस. तुला काय अधिकार होता? एकदा रागावली असतीस तर मी कधीच मोकळी झाले असते. हे भांडणही आता राहिलंच. तरी ज्या डोळ्यांनी बघून मी घात केला, त्या डोळ्यांना तू काहीतरी शिकवलंस, हे विसरता येत नाही. राग येतो आणि पाया पडावंसं वाटतं, एकदमच.

मी सुंदराबाईला म्हणाले, "आक्कांनी मला माफ केलं म्हणायचं."

ती म्हणाली, "त्यांनी केलं आसंल. रोल त्यांचा व्हता. घरं आमची व्हती." मग पोत्याच्या कडेचा धागा तोडत म्हणाली, "म्या न्हाई केलं."

तिनं हे चिडून म्हटलं नाही. चहा ठेवला, मला दिला. कप सगळ्यांचा होता तोच. मी विचारलं, मी आता काय करू. ती म्हणाली, "तुमाला लिवता येतंय. कुनी पेटिवलं, कुनी सही केली, कुनी रोल दाखिवला, समदं लिवा. आन् अप्पा जित्ते हायत तवर लिवा. मेल्यावर कुनी बी लिवतंय."

म्हणून हे लिहिलं. गेले चार दिवस, बळदात बसून, दार उघडं ठेवून.

आज दुपारी अप्पांचं जेवण झाल्यावर कागद घेऊन त्यांच्या खाटेपाशी बसले. भावजी दुकानात होते. मी म्हणाले, "अप्पा, आक्कांवर लिवलंय. ऐकता का?" ते खूश झाले. "वाच, वाच. आमी सूट दिलती ते घातलंस का?" मी म्हणाले, "घातलंय." आणि सुरुवातीपासून वाचायला लागले. मान धरली त्यावर ते हं, हं करत होते. धूर दिसला तिथं त्यांनी हं म्हणणं थांबवलं. रॉकेलच्या शब्दावर म्हणाले, "बास कर." मी थांबले नाही. पंचनाम्याच्या ओळीला त्यांनी माझ्याकडं पाठ करून कूस बदलली.

मी उठले. पाट उचलला, खाटेला वळसा घालून त्यांच्या तोंडापुढं ठेवला, बसले, आणि ती ओळ पहिल्यापासून पुन्हा वाचली.